कानाने वाचलेली पुस्तके

"पुस्तक वाचलेस की ऐकलेस?" असा प्रश्न गेल्या वर्षी मला आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला. "ऐकले," असे मी म्हणताच ते हसून म्हणाले, "म्हणजे वाचायचे अजून राहिलेच आहे!" त्यांच्या बोलण्यात दुखावण्याचा हेतू मुळीच नव्हता, परंतु तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे सरांना दिलेले, जरा उशिराचेच, उत्तर आहे.

प्रथम वर्षाला असताना दिवाळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी दोन महिने वाचन बंद केले. कला शाखेच्या विद्यार्थ्याचे वाचन बंद झाल्यावर त्याच्याजवळ उरते काय? वसतिगृहातील माझा रूम पार्टनर जन्मांध आहे. माझे रडगाणे दोन दिवस ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "अरे, मग कान कशाला दिलेत?" आणि आपल्या इअरफोनचे एक टोक त्याने माझ्या कानात घातले. स्टीफन फ्राय या इंग्रज नटाच्या आवाजात हॅरी पॉटरची गोष्ट चालू होती.

१९९७ ते २००७ या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेली ही सात पुस्तकांची मालिका. पाचव्या पुस्तकाची इंग्लंडमधील आवृत्ती ७६६ पानांची आहे. ते ऐकायला पंचवीस तासांहून अधिक वेळ लागतो. एवढा वेळ एकच माणूस रोज आपल्याशी बोलत राहिला, की तो घरचाच वाटू लागतो. प्रत्येक पात्राला त्याने दिलेला आवाज पुढच्या भागात पुन्हा भेटतो, आणि नाव उच्चारले जाण्यापूर्वीच कोण आले ते आपल्याला कळते. मालिका ऐकण्यातली खरी गोडी ही आहे.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. माझी आजी निरक्षर होती, पण चातुर्मासात देवळात चालणारा 'पांडवप्रताप' तिला अध्यायवार ठाऊक होता. समर्थांनीही 'दासबोधा'त नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणापासूनच सुरू केले आहे. आजीने महाभारत 'वाचलेले' नाही, असे म्हणण्याचे धाडस आमच्या घरात कोणी केले नसते.

तथापि ऐकण्यात काही हरवते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) या कादंबरीत प्रत्येक माणसाबरोबर प्राण्याच्या रूपाने त्याचा आत्मा वावरतो. त्याला दिलेल्या शब्दाचा उच्चार 'डीमन', म्हणजे सैतानासारखाच. फरक आहे तो फक्त स्पेलिंगात. वाचकाला तो पहिल्याच पानावर दिसतो. मी मात्र ऐकताना कितीतरी वेळ समजत होतो की, नायिकेच्या मागे भूतच लागले आहे!

उलट लाभही आहे. हॅरीच्या मैत्रिणीचे नाव इंग्रजी स्पेलिंगवरून कसे उच्चारायचे, याचा घोळ इतक्यांचा झाला की लेखिकेने चौथ्या भागात (२०००) खुद्द तिच्याच तोंडून ते एका पात्राला शिकवले. ऐकणाऱ्याला ही अडचण नाही. आणि देवनागरीत मराठी अनुवाद वाचणाऱ्यालाही नाही.

दुसऱ्या भागातील एक प्रसंग मी विसरणार नाही. टॉम मार्व्होलो रिडल हा मुलगा हवेत आपले नाव लिहितो. मग अक्षरे जागा बदलतात आणि त्यांतून 'मी लॉर्ड व्होल्डेमॉर्ट आहे' असे इंग्रजी वाक्य तयार होते. कानाला हे कसे पटावे? माझ्या रूम पार्टनरने ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली, एकेक अक्षर टोचले आणि बोटांनी दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. "सोळाच्या सोळा जुळतात!" तो ओरडला. रात्रीचा एक वाजला होता. शेजारच्या खोलीने भिंत ठोकली.

दोन महिन्यांनी वाचनाची परवानगी मिळाली, पण बारीक अक्षर आजही झेपत नाही. म्हणून मामाने ई-रीडर घेऊन दिला. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे व पांढरे कण. दोहोंवरील विद्युतभार परस्परविरुद्ध असतो. त्यामुळे विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. पान बदलतानाच काय ती वीज खर्च होते. एरवी आपण वाचतो ते कागदासारखे, बाहेरून पडलेल्या प्रकाशात. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे माझ्यासारख्याला वरदानच. मात्र अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतील बेटांचा नकाशा त्या लहानशा पडद्यावर पाहणे म्हणजे खिडकीच्या फटीतून जत्रा पाहणे!

बोलकी पुस्तके हे काही रिकामटेकड्यांचे खूळ नव्हे. इंग्लंडमध्ये १९३५ साली ती सुरू झाली, ती पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवर असत. आपल्या देशाने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून, दृष्टिहीनांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तके तयार करण्यास मुभा दिली. त्याच कामासाठी २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच.

कायदा आहे, यंत्रे आहेत; वाचून दाखवणारे आवाज मात्र हवेत. गेल्या महिन्यात माझा मित्र म्हणाला, "ही गोष्ट एकदा मराठीत ऐकायची आहे रे." आता रोज रात्री जेवणानंतर मी त्याला 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचून दाखवतो. वीस मिनिटांत माझा डोळा दुखू लागतो. मग तो मला थांबवतो आणि पुढे काय होते ते पाठ असल्यासारखे इंग्रजी पुस्तकातून आठवून सांगतो. तेव्हा मी ऐकतो.

आमच्या दोघांपैकी पुस्तक वाचले कोणी, हे आता सरांनीच ठरवावे.