वटवाघळे : घाटमाथ्यावरची आणि आपल्या शिवारातील

कारंजा लाड परिसरात दिवेलागण झाली की पडक्या वाड्यांच्या माळवदांतून व जुन्या विहिरींच्या कपारींतून लहान वटवाघळे बाहेर पडतात. या पाकोळ्यांना अशुभ समजून धूर करून हुसकावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. कपाशी व तूर पिकविणाऱ्या मुलुखास ही रीत परवडणारी नाही.

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतात त्या सव्वाशेच्या घरात भरतात. उष्ण कटिबंधातील डोंगर चढू लागले असता हवा थंड होते व रात्री उडणारे कीटक कमी होतात. म्हणून माथ्याकडे वटवाघळांच्या जाती बहुधा घटत जातात. पायथा कोरडा असल्यास मात्र डोंगराच्या मध्यावर, जेथे ऊब व ओल दोन्ही मिळतात, तेथे त्या सर्वाधिक आढळतात. अन्नाइतकाच आसराही महत्त्वाचा. सह्याद्रीत, खानापूर तालुक्यातील तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहेत राहणारी रॉटनची वटवाघळे १९१३ साली शास्त्रास ज्ञात झाली. पुढे कित्येक दशके जगात त्यांचे एवढेच ठिकाण ठाऊक होते. मेघालय व कंबोडिया येथील आढळ फार नंतरचा. त्या काळात कोणी त्या एका गुहेत धूर कोंडला असता, तर काय राहिले असते?

बहुतेक जातींची मादी वर्षाकाठी एकच पिलू देते. किडीची पिढी महिन्याभरात उभी राहते; वटवाघळांची मोडलेली वसाहत भरून येण्यास वर्षे लागतात.

त्यांच्या कामाचा हिशेबही झालेला आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या आठ परगण्यांत, कपाशीवरील बोंडअळीचे पतंग खाऊन वटवाघळे वर्षाला सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर वाचवितात, असे २००६ साली अभ्यासकांनी दाखविले. आपली घाटेअळी त्या अळीची सख्खी भाऊबंद होय. आपल्या शिवारात नेमका किती लाभ होतो, हे आकड्यांत सांगण्याची घाई मी करणार नाही. परंतु २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जो फटका दिला, तो पाहिलेल्या शेतकऱ्यास रात्री पतंग टिपणारा सोबती नकोसा वाटू नये.

फळे खाणारी मोठी वटवाघळे पेरू व चिकूच्या बागांत नासाडी करतात, हे खरे. तेथे झाडांवर जाळी टाकणे हाच उपाय. हीच वटवाघळे मोहाचे बी दूरवर नेऊन टाकतात.

रोगाची भीतीही निराधार नाही. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने घेतले. त्यांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळली, असे २०२१ साली जाहीर झाले. यावरून वटवाघळांना मारण्याचे नव्हे, तर त्यांना हात न लावण्याचे कारण मिळते. उष्टी किंवा चोचलेली फळे खाऊ नयेत, मुलांना गुहेत धाडू नये, आणि वटवाघळे असलेल्या विहिरीचे पाणी उकळल्याविना पिऊ नये, एवढे ग्रामसेवकांनी गावोगाव सांगावे.

घरदुरुस्तीसाठी एखादे भोक बुजवावयाचेच झाल्यास, आत पिले नाहीत याची खात्री करून, सायंकाळी सारी वटवाघळे बाहेर पडल्यावरच ते काम करावे.