विश्लेषण : कुटुंबासह ऑस्ट्रियात स्कीइंगची सुट्टी, शांत गाव निवडताना काय पाहावे?

युरोपच्या सहलीत ‘स्नो पॉइंट’वर तासभर थांबून फोटो काढणे वेगळे आणि आल्प्समधल्या एका गावात आठवडाभर मुक्काम करून मुलांना स्कीइंग शिकवणे वेगळे. म्युनिक, स्टुटगार्ट किंवा झुरिक परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे गाडीने जाऊन जमते. भारतातून जाणाऱ्यांना मात्र व्हिसा, विमा, शाळेच्या सुट्ट्या आणि बर्फ अशा चार गोष्टी जुळवाव्या लागतात. गर्दी आणि गोंगाट नको म्हणून अनेक जण खोऱ्याच्या टोकाचे शांत गाव शोधतात. या शांततेची किंमत काय असते, हे ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर या गावावरून चांगले समजते.

गाल्ट्यूर कुठे आहे?

ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडील टिरोल राज्यात पाझनाउन नावाचे खोरे आहे. खोऱ्यातून एकच मुख्य रस्ता वर जातो. याच रस्त्यावर इश्गल हे प्रसिद्ध स्की केंद्र लागते. सुमारे २४० किलोमीटरचे उतार, संध्याकाळी पार्ट्या, हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या गायकांचे कार्यक्रम असा तिथला थाट आहे. मार्च २०२० मध्ये युरोपभर करोना पसरला तेव्हा ज्या गावाचे नाव वारंवार बातम्यांत आले, ते हेच. तिथून साधारण १० किलोमीटर पुढे गाल्ट्यूर आहे. लोकवस्ती जेमतेम ८०० आणि स्कीइंगचे उतार ४० किलोमीटरच्या आसपास. गावापलीकडचा सिल्व्हरेटा घाटरस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे इथून पुढे जाणारी वाहतूकच नसते. गाव शांत आहे ते यामुळे.

सराईत माणसाला ४० किलोमीटर कमी वाटतील. पण पहिल्यांदा स्की पायात घालणारे कुटुंब आठवडाभरात त्यातले निम्मेही वापरत नाही. नवशिक्यांनी मोठ्या केंद्राचा महागडा पास घेणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी समुद्र भाड्याने घेण्यासारखे आहे.

गावाची उंची का पाहायची?

गाल्ट्यूर समुद्रसपाटीपासून १५८४ मीटरवर आहे आणि तिथल्या लिफ्ट सुमारे २३०० मीटरपर्यंत जातात. तुलनेसाठी किट्सब्यूल पाहा. नाव जगभर, पण गाव ७६० मीटरच्या आसपास. दर १०० मीटरला तापमान सरासरी ०.६५ अंशाने उतरते असे धरले, तर दोन गावांत पाच अंशांचा फरक पडतो. पाऊस की बर्फ, हे अनेकदा या पाच अंशांवर ठरते. कृत्रिम बर्फाच्या तोफा असल्या तरी त्यांनाही हवा गोठणबिंदूच्या खाली आणि कोरडी लागते, उबदार आठवड्यात त्यांचा उपयोग होत नाही. हिवाळे उबदार होत असताना कमी उंचीच्या केंद्रांना याचा फटका आधी बसतो. त्यामुळे हॉटेलचे फोटो पाहण्याआधी गावाची उंची पाहावी. मुलांचे सरावाचे उतार गावाजवळ, म्हणजे सर्वांत खाली असतात, म्हणून डोंगरमाथ्याच्या उंचीपेक्षा पायथ्याची उंची महत्त्वाची.

१९९९ मध्ये काय घडले होते?

भरपूर बर्फ आणि एकच रस्ता, या गाल्ट्यूरच्या दोन वैशिष्ट्यांची दुसरी बाजू २३ फेब्रुवारी १९९९ रोजी दिसली. जानेवारीअखेरीपासून वायव्येकडून एकामागून एक वादळे आली आणि डोंगरांवर कित्येक मीटर बर्फ साचला. रस्ता आधीच बंद झाला होता. ऐन सुट्टीच्या हंगामात पर्यटक गावात अडकले होते. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गावावरच्या उतारावरून हिमस्खलन झाले आणि बर्फाचा लोट थेट वस्तीत घुसला. ३१ जणांचा मृत्यू झाला, त्यांत पर्यटकही होते आणि गावकरीही. दुसऱ्या दिवशी जवळच्या व्हालत्सुर या वाडीवर आणखी एक हिमस्खलन होऊन सात जण गेले. खराब हवामानामुळे पहिली रात्र हेलिकॉप्टर पोहोचू शकले नाही. गावकरी आणि पाहुणे यांनीच मिळून बर्फ उपसला. पुढच्या काही दिवसांत ऑस्ट्रियासह इतर देशांच्या हेलिकॉप्टरांनी हजारो लोकांना खोऱ्याबाहेर काढले.

यातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य असे, की बळी पडलेली अनेक माणसे धोक्याच्या पट्ट्यात नव्हती. नकाशावर सुरक्षित दाखवलेल्या घरांपर्यंत बर्फ पोहोचला. त्यानंतर ऑस्ट्रियाने धोक्याच्या पट्ट्यांचे निकष बदलले. पूर्वी हिमस्खलनाचा दाब चौरस मीटरला २५ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण अडीच टनांच्या भारापेक्षा जास्त येईल ती जागा ‘लाल’ मानली जाई. ही मर्यादा १० किलोन्यूटनवर, म्हणजे सुमारे एक टनावर आणली गेली. साहजिकच लाल पट्टा मोठा झाला. गाल्ट्यूरमध्ये डोंगर आणि वस्ती यांच्यामध्ये सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची संरक्षक भिंत उभी राहिली. वरच्या उतारांवर बर्फ जागीच धरून ठेवणारी पोलादी कुंपणे बसवली गेली.

मग आता तिथे जाणे सुरक्षित आहे का?

गावात राहणे आणि खुणा केलेल्या, चालू असलेल्या उतारांवर स्कीइंग करणे, याबाबत आज खूप काटेकोर व्यवस्था आहे. धोका वाढला की प्रशासन उतार, लिफ्ट किंवा रस्ता बंद करते. मोठ्या हिमवृष्टीत खोऱ्याचा रस्ता बंद होण्याचे प्रसंग १९९९ नंतरही आले आहेत. ते व्यवस्था कोलमडल्याचे लक्षण नाही, व्यवस्था काम करत असल्याचे आहे. पण ज्याचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी आहे, त्याला हा युक्तिवाद कामाचा नाही. म्हणून खोऱ्याच्या टोकाचे गाव निवडणाऱ्याने परतीच्या विमानाआधी किमान एक रात्र खाली, इन्सब्रुक किंवा विमानतळाच्या शहरात ठेवावी. तारीख बदलता येईल असे तिकीट थोडे महाग पडते, इथे ते पैसे वाया जात नाहीत. रोजची औषधे आणि लहान मुलांचे खाणे दोन-तीन दिवस जादा पुरेल इतके असावे.

टिरोलचे हिमस्खलन इशारा केंद्र हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता पुढच्या दिवसाचा अंदाज प्रसिद्ध करते. तो इंग्रजीतही असतो आणि फोनवर वाचता येतो. धोक्याच्या पातळ्या १ ते ५ असतात. ‘तीन म्हणजे मधली, म्हणजे ठीक’ असा अर्थ काढू नये. अधिकृत भाषेत तीन म्हणजे ‘लक्षणीय’ धोका. खुणा केलेल्या उतारांच्या बाहेरचा कोरा बर्फ फोटोत कितीही सुंदर दिसला तरी कुटुंबाने दोरीपलीकडे पाऊल टाकू नये, हा साधा नियम पुरेसा आहे. ऑस्ट्रियात डोंगरी बचाव पथकाचा क्रमांक १४० आहे, तर ११२ युरोपभर चालतो.

कोणता आठवडा निवडावा?

नाताळ ते नववर्ष हा सर्वांत महाग काळ. ६ जानेवारीची सुट्टी संपली की गर्दी ओसरते आणि महिनाअखेरपर्यंत उतार मोकळे असतात. मात्र दिवस लहान आणि थंडी कडक असते. फेब्रुवारीत ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नेदरलँड्समधील शाळांच्या सुट्ट्या एकामागून एक येतात, तेव्हा शांत गावही शांत राहत नाही. मार्चचा दुसरा पंधरवडा लहान मुलांसाठी उत्तम, कारण ऊन असते, उजेड जास्त वेळ राहतो आणि दरही उतरतात.

महाराष्ट्रातील शाळांचे वेळापत्रक इथे आडवे येते. दिवाळीच्या सुट्टीत हंगाम सुरू झालेला नसतो, मेमध्ये तो संपलेला असतो. लिफ्ट साधारण डिसेंबरच्या पूर्वार्धापासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत चालतात. म्हणजे उरतो तो नाताळ, नाहीतर वार्षिक परीक्षा लवकर संपली तर एप्रिलचा पहिला आठवडा. एप्रिलमध्ये सकाळी बर्फ घट्ट आणि दुपारी चिखलासारखा होतो, त्यामुळे सकाळी लवकर उतरावे आणि जेवणानंतर मुलांना घसरगाडीवर सोडावे. घरातले मूल दहावीत असेल तर विषयच संपला.

बहुतेक घरे आणि हॉटेले शनिवार ते शनिवार अशी दिली जातात. त्यामुळे शनिवारी खोऱ्यातल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. रविवारी पोहोचता आले तर प्रवास निम्मा सुखाचा होतो.

पोहोचायचे कसे?

ऑस्ट्रियाला जायचे म्हणून व्हिएन्नाचे तिकीट काढणे ही नेहमीची चूक आहे. व्हिएन्ना देशाच्या पूर्व टोकाला आहे आणि तिथून पाझनाउनच्या पायथ्याचे लांडेक-झाम्स स्थानक रेल्वेने सुमारे पाच तासांवर. झुरिक किंवा म्युनिक त्यापेक्षा जवळ पडते. झुरिकहून लांडेकला थेट रेल्वेगाड्या आहेत आणि स्थानकावरून खोऱ्यात बस जाते. जर्मनीतून गाडीने जाणाऱ्यांनी ऑस्ट्रियन महामार्गाचा टोल स्टिकर घ्यावा. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात.

मुले आणि मोठे शिकतात कसे?

साधारण चार वर्षांपुढच्या मुलांना स्की स्कूलमध्ये गटात घेतात. सुरुवात जवळजवळ सपाट जागी, सरकत्या पट्ट्यावरून वर जाऊन होते. मुलांच्या हातात काठ्या देत नाहीत. आठवड्याच्या शेवटी छोटी शर्यत आणि पदक हा बहुतेक शाळांचा रिवाज. आई-वडिलांनी स्वतःच शिकवायचा हट्ट धरू नये, त्यात दोघांचाही दिवस रडण्यात जातो. मोठ्यांनीही पहिले तीन दिवस शिकवणी घ्यावी. सुरुवातीला पूर्ण लिफ्ट पास घेण्याऐवजी फक्त सरावाच्या लिफ्टचे तिकीट मिळते का, हे विचारावे. गाल्ट्यूरमध्ये लिफ्टचा तळ गावापासून थोडा पुढे विर्ल येथे आहे आणि तिथे स्की बस जाते. खोली घेताना बसथांबा किती दूर आहे हे पाहावे, कारण स्कीचे बूट घालून आणि मुलाची स्की खांद्यावर घेऊन २०० मीटरही लांब वाटतात.

साहित्य विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे. त्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी स्प्रिंगची पकड. पडताना ठरावीक जोर आला की ती सुटायला हवी. सुटली नाही तर सगळा पीळ गुडघ्यात जातो आणि लवकर सुटली तर चालत्या स्कीवरून माणूस कोसळतो. किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांच्या तक्त्यावरून ठरते. त्यामुळे दुकानदाराने चारचौघांत वजन विचारले तर दोन-चार किलो कमी करून सांगू नये. ‘मला थोडे येते’ असे सांगणाऱ्या तरुणांची पकड जास्त घट्ट लागते, तेही धोक्याचे. बुटात एकच पातळ लांब मोजा घालावा. थंडी म्हणून दोन मोजे घातले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय जास्त गार पडतात.

ऑस्ट्रियात निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. ऑस्ट्रियातील बहुतेक राज्यांत १५ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे. टिरोलमध्ये तशी सक्ती नाही, पण म्हणून काढून ठेवण्यासारखी ती वस्तू नव्हे. उतारावर पुढे असलेल्याला प्राधान्य असते आणि मागून येणाऱ्याने आपली वाट शोधायची असते. घाटात हॉर्न देऊन वाट मागण्याची सवय इथे कामाची नाही.

व्हिसा आणि विम्यात काय पाहायचे?

शेंगेन व्हिसा सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडून घ्यायचा असतो. झुरिकला उतरले तरी आठवडा गाल्ट्यूरमध्ये असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालील मुलांना नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र तो व्हिसापुरता चालला, म्हणजे स्कीइंगला चालेल असे नाही. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात किंवा जादा हप्ता भरल्यावरच येतात. हिवाळी खेळ, डोंगरावरून हेलिकॉप्टरने सुटका आणि दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई, हे तीन शब्दप्रयोग पॉलिसीत शोधावेत. हेलिकॉप्टरचे बिल काही हजार युरोंत जाते.

खाणे आणि स्की न करणारे?

रात्रीच्या जेवणासह खोली घेणे लहान गावात सोयीचे, कारण बाहेर पर्याय मोजके असतात. शाकाहारींनी आधीच कळवावे. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये बहुधा गोमांसाचा अर्क असतो. चीज घातलेले केझेश्पेट्झले आणि फाडलेल्या गोड धिरड्यासारखे कायझरश्मारन मुलांना आवडते, दोन्हींत अंडे असते. आलुबुखारचे सारण भरलेला, वाफवलेला गेर्मक्न्योडल हा मोदकाचा लांबचा भाऊच म्हणावा. त्यावर तूप नाही, व्हॅनिलाची पातळ खीर असते.

आजी-आजोबांसाठी बर्फातून चालायच्या वाटा आहेत. सपाट खोऱ्यातल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगचे माग पाहत बसणेही वाईट नाही. आणि १९९९ नंतर बांधलेल्या त्या भिंतीलाच लागून ‘आल्पिनारियम’ हे संग्रहालय आहे, तिथे डोंगर आणि बर्फ यांच्यासोबत हे गाव कसे राहते ते पाहता येते. लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी सगळ्या कुटुंबाला जायला ही जागा आहे.