मीटिंग सुरू होताच गाणं विहिरीतून का ऐकू येतं?

सकाळी दहाला आमच्या टीमची रोजची मीटिंग असते. त्याआधीचा तास माझा. हेडफोन लावायचे, कुमार गंधर्वांचं काहीतरी सुरू करायचं आणि काल अडलेला कोड उघडायचा. गाणं ऐकत काम होत नाही असं बरेच जण म्हणतात. माझं गाण्याशिवाय होत नाही. (निदान विलंबित चालू आहे तोवर. द्रुत सुरू झाली की मी कीबोर्ड सोडून टेबलावर ठेका धरतो.)

दहाला मीटिंगचं बटण दाबलं आणि गाणं थांबवायला विसरलो, की दोन सेकंदांत सगळं बदलतं. गायक तोच, तान तीच, पण तंबोऱ्याचा झंकार गेलेला आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मीटिंग सोडली की गाणं पुन्हा वर येतं.

तुम्ही ऑफिसच्या मीटिंगला बसत नसाल, पण बीजीएमआय खेळत असाल तर हे अनुभवलं असेल. ब्लूटूथ इअरबड लावून गेममधला माईक चालू केला की गोळीबार पत्र्याच्या डब्यात चालल्यासारखा वाटतो. मग आपण इअरबडच्या कंपनीला शिव्या घालतो. बहुतेक वेळा कंपनीची चूक नसते.

मला हे कारण कित्येक वर्षं माहीत होतं. मित्रांना मी ते हसत हसत समजावूनही सांगायचो. तरी त्याच कारणाने माझं एक रेकॉर्डिंग गेलं, जे आता पुन्हा करता येणार नाही. ते पुढे सांगतो, आधी भानगड काय आहे ते बघू.

एकच हेडफोन, दोन रस्ते

फोन आणि हेडफोन ब्लूटूथवर बोलतात तेव्हा कशासाठी बोलायचं ते आधी ठरवतात. त्या ठरलेल्या पद्धतीला प्रोफाइल म्हणतात. गाणी ऐकण्याच्या प्रोफाइलचं नाव एटूडीपी. यात वाहतूक एकेरी असते, फोनकडून हेडफोनकडे. सगळा रस्ता एकाच दिशेला मोकळा असल्यामुळे दोन्ही कानांसाठी वेगळा आणि बऱ्यापैकी भरदार आवाज पाठवता येतो. एसबीसी हा सगळ्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये असणारा साधा कोडेकसुद्धा चांगल्या सेटिंगला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवतो.

पण एटूडीपीमध्ये माईकला जागाच नाही. हेडफोनचा माईक हवा असेल तर दुसऱ्या प्रोफाइलवर जावं लागतं. त्याचं नाव एचएफपी, म्हणजे हँड्सफ्री. गाडी चालवताना फोनवर बोलता यावं, एवढ्याच कामासाठी ते बनवलं होतं. इथे आवाज दोन्ही बाजूंनी जातो आणि तोही लगेच जावा लागतो. गाण्यात अर्धा सेकंद उशीर झाला तर कुणाला कळत नाही. बोलण्यात झाला तर दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग "तू बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं. म्हणून एचएफपीच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक दिशेला सेकंदाला ६४ किलोबिट एवढीच जागा राखून ठेवलेली असते. आवाज एकाच वाहिनीचा, आणि सेकंदाला ८,००० नमुन्यांचा.

त्या काळी हे पुरेसं होतं. मोबाइलचं नेटवर्कच तेवढा आवाज नेत होतं, त्यामुळे हेडसेटने जास्त पाठवून उपयोग नव्हता. पुढे २०११ च्या सुमारास एचएफपीमध्ये १६,००० नमुन्यांची सोय आली. पण ती फोन आणि हेडफोन दोघांकडे असावी लागते. एकाकडे नसली की दोघं मुकाट्याने जुन्यावर येतात, आणि स्क्रीनवर त्याची काही सूचना येत नाही.

८,००० नमुने म्हणजे नेमकं काय गेलं?

अंगणातला झोपाळा डोळ्यासमोर आणा. त्याची हालचाल फक्त फोटोंतून पकडायची आहे. झोपाळा एकदा पुढे जाऊन मागे येईपर्यंत तुम्ही एकच फोटो काढला, आणि दर वेळी त्याच क्षणी काढला, तर सगळ्या फोटोंत तो एकाच जागी दिसेल. बघणाऱ्याला वाटेल झोपाळा बंद आहे. पुढचा आणि मागचा, असे एका हेलकाव्यात दोन फोटो तरी हवेतच, खरं तर दोनाहून थोडे जास्त.

आवाज म्हणजे हवेचा झोपाळाच. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर सेकंदाला ४,००० पेक्षा कमी हेलकावेच, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या आतलेच पकडता येतात. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम आहे आणि त्यातून पळवाट नाही. तरुण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडी तयार करणाऱ्यांनी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरवले ते म्हणूनच: २०,००० च्या दुप्पट आणि वर थोडी मोकळी जागा.

आता तुम्ही म्हणाल, गाणारा माणूस कुठे ४,००० हर्ट्झवर गातो? बरोबर आहे. काळी एकचा सा जेमतेम १३९ हर्ट्झचा. पण सूर कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपस्वरांची वरातच येते, आणि हा आवाज कुणाचा, हे वाद्य कोणतं, ते आपल्याला या वरातीवरून कळतं. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा सरकवून लावतात तो हे उपस्वर फुलावेत म्हणून. वरचे उपस्वर कापले की तंबोरा नुसताच घुमतो.

आणि "स". हे अक्षर म्हणजे जवळपास नुसती हवा, आणि तिचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर. फोनवर इंग्रजी स्पेलिंग सांगताना "एफ" आणि "एस" मध्ये गोंधळ होतो, म्हणून आपण "एस, साताऱ्याचा एस" असं ओरडून सांगतो, त्याचं कारण हेच.

खालचं टोकही फोनवर कापलं जातं, साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं. पण तिथे आपला मेंदू मदतीला येतो. वरचे उपस्वर ऐकून तो खालचा मूळ सूर मनाने भरून काढतो. वर कापलेलं मात्र त्याला भरता येत नाही.

माझी चूक

आमची आजी बार्शीजवळच्या गावात राहायची. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, किती ते तिलाही सांगता आलं नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि संगणकातून संगीताचा अभ्यास करणारे बर्नार्ड बेल यांनी त्या कामात ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. हे वाचल्यापासून मला वाटत होतं, आपल्या घरातल्या तरी आपण जपाव्यात.

एका दिवाळीत मी तिला जात्याशी बसवलं. दळायचं काही नव्हतं, माझ्या हट्टापायी तिने मूठभर ज्वारी घातली. फोन तिच्या गुडघ्याजवळ ठेवला, रेकॉर्डर सुरू केला आणि मागे भिंतीला टेकून बसलो. चाळीस मिनिटं ती गायली. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

फाइल नीट ऐकली ती त्यानंतर. आवाज लांबून, गुदमरलेला. जात्याची घरघर मधूनच येते आणि मधूनच गायब होते. बांगड्या तर वाजतच नाहीत. झालं असं होतं की माझ्या एका कानात इअरबड होता, आणि मीटिंगा रेकॉर्ड करता याव्यात म्हणून त्या अ‍ॅपमध्ये "ब्लूटूथ माईक वापरा" हे सेटिंग मीच कधीतरी चालू केलं होतं. म्हणजे फोन आजीच्या गुडघ्याशी होता, पण ऐकत होता माझ्या कानाजवळचा, सहा-सात फूट लांबचा माईक. त्यात आवाज गेला एचएफपीच्या रस्त्याने. या रस्त्यावर गोंगाट काढून टाकणारी यंत्रणाही असते. माणसाचं बोलणं ठेवायचं, सतत चालणारी घरघर काढायची, असं तिला शिकवलेलं. पंख्याचा आवाज काढावा तसं तिने जातं काढलं.

खरा चकवा पुढेच आहे. फाइलची माहिती उघडली तर तिथे ऐटीत लिहिलेलं, ४४,१०० हर्ट्झ. अ‍ॅपने ८,००० नमुन्यांचा आवाज ताणून मोठ्या मापाच्या फाइलीत भरला होता. पातेलं पाच लिटरचं, दूध एक लिटर. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम बघितला, म्हणजे आवाजातल्या कमी-जास्त कंपनांचं चित्र. ४,००० च्या रेषेवर सगळं पट्टीने कापल्यासारखं संपलेलं, वर नुसता अंधार.

हल्ली असा आवाज दुरुस्त करणारी एआय साधनं आहेत. मी प्रोग्रामर, गप्प कसा बसणार? एका साधनातून फाइल काढली आणि पहिली दोन मिनिटं खूश झालो. आवाज स्वच्छ, जवळचा, मोकळा. मग काहीतरी खटकायला लागलं. आजीचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे तिच्या प्रत्येक "स" मध्ये बारीक शीळ असायची. ती शीळ नव्हती. अशी साधनं हजारो तास इतरांचे आवाज ऐकून शिकलेली असतात; खालचा भाग असा असेल तर वरचा बहुधा कसा असेल, याचा अंदाज करून ती रिकामी जागा भरतात. त्या अंदाजाने आजीला दात बसवून दिले होते. आईने ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे रे, पण ही कोण?"

मूळ फाइल तशीच ठेवली आहे.

आता मी काय करतो

रेकॉर्डिंगआधी ब्लूटूथ पूर्ण बंद, फोन विमान मोडवर. मधेच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक निवडतो. डब्ल्यूएव्ही मिनिटाला ५ एमबीच्या आसपास जागा घेते, अर्ध्या तासाला १६० एमबी धरा; एवढी जागा रील्स काढून टाकल्या तरी होते. "नॉइज रिडक्शन" चालू असेल तर बंद करतो, नको असलेला आवाज नंतर कधीही काढता येतो. फोन थेट फरशीवर ठेवत नाही, खाली घडी केलेली गोधडी घालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वीस सेकंद रेकॉर्ड करून तिथल्या तिथे ऐकतो. स्पेक्ट्रोग्राम दाखवणारी मोफत अ‍ॅपं फोनवरही मिळतात, पण बांगड्या ऐकू आल्या तरी माझं काम भागतं. फाइल कुणाला पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. व्हॉइस नोट निरोपासाठी ठीक, जपून ठेवायच्या आवाजासाठी नाही.

गेमच्या तक्रारीवरही उपाय साधा आहे. बोलायला फोनचाच माईक ठेवायची सोय गेममध्ये असेल तर ती वापरा, नाहीतर सरळ वायरवाले इअरफोन घ्या. ब्लूटूथ एलई ऑडिओ ही नवी पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली आणि अँड्रॉइड १३ पासून फोनमध्ये येऊ लागली. तिच्यात माईक चालू असतानाही आवाज चांगला राहू शकतो. अर्थात तीही दोन्हीकडे असावी लागते.

आजीची धाकटी बहीण अजून गावीच असते. आम्ही तिला मावशीआजी म्हणतो. मागच्या रविवारी तिच्याकडे जाऊन आलो. फोन गोधडीवर ठेवला, वीस सेकंद रेकॉर्ड करून तिलाच ऐकवलं. तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "माझा आवाज इतका घोगरा झालाय होय रे? थांब, आधी गरम पाणी पिऊन येते."