पाठीत सळ्या घेऊन घरी आल्यावर

स्कोलिओसिसच्या, म्हणजे बाजूला वाकून पिळल्या गेलेल्या कण्याच्या ऑपरेशनसाठी तिवस्याच्या माणसाला बहुतेक वेळा नागपूर गाठावं लागतं. हा बाक साधारण 10 ते 18 या वयात, उंची भराभर वाढताना वाढतो. तो 45-50 अंशांच्या पुढे गेला की सर्जन शस्त्रक्रियेचा विचार करतात. स्क्रू आणि धातूच्या सळ्या बसवून कणा सरळ धरायचा आणि त्यावर हाडाचा चुरा पसरायचा, असं ते काम. आठवडाभरात पोरगी घरी येते आणि शेजारची काकू दारातूनच बजावते, ‘पोरीले उठू देऊ नोको बरं!’ खरी पंचाईत इथूनच सुरू होते, कारण या पोरीला उठवायचं असतं.

सळ्या आहेत त्या तात्पुरता आधार म्हणून. कायमची मजबुती येते ती चुऱ्यातून नवं हाड धरून मणके एकमेकांना जुळल्यावर, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. या काळात वाकणं, पिळणं आणि ओझं उचलणं बंद. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून चालू. चालण्यानं फुप्फुसं मोकळी राहतात, पोट हलतं, रक्त साकळत नाही आणि भूक लागते. पडून राहिलेलं मूल आठवड्यात गळून जातं. घरातल्या घरात दिवसातून पाच-सहा फेऱ्या, मग अंगण, मग गल्लीच्या टोकापर्यंत. अंतर रोज थोडं वाढवायचं.

नागपूरहून येतानाच सुरुवात करा. शंभरावर किलोमीटरचा रस्ता आहे. पुढची सीट मागे कलती करा आणि कोंढाळी, तळेगाव असे थांबे घेऊन पोरीला पाच-पाच मिनिटं चालवा. निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळीची वेळ जुळवून घ्या.

घरी झोळ पडलेली बाज चालणार नाही. लाकडी पलंग आणि त्यावर घट्ट गादी हवी. पलंग इतका उंच असावा की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. उठण्याची रीत दवाखान्यात शिकवतात, पण घरी पहिल्याच रात्री सगळे विसरतात. पाठीवर असताना दोन्ही गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगावरून खाली सोडत खालच्या कोपरानं आणि वरच्या तळहातानं रेटा देत बसायचं. मिनिटभर तसंच बसायचं, कारण चक्कर येते. तुम्ही जवळ उभे राहा, पण बगलेत हात घालून ओढू नका. ओढल्यानं कणा पिळतो, आणि ‘मला जमतं’ हा पोरीचा विश्वासही जातो.

उकिडवं बसायच्या संडासाचा प्रश्न आधीच सोडवा. कमोडची खुर्ची विकत किंवा भाड्यानं मिळते. जेवायलाही काही महिने पाटाऐवजी खुर्ची. लागणारी प्रत्येक वस्तू कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवा, मोबाईलचा चार्जरसुद्धा. कपडे पुढून बटणांचे घ्या.

पहिले काही दिवस गोळ्या घड्याळावर द्यायच्या. दुखणं चढल्यावर दिलेली गोळी उशिरा पोचते आणि मूल घाबरून चालायचं थांबतं. मात्र मेडिकलमधून आपल्या मनानं दुसरी गोळी आणू नका. काही वेदनाशामकं या काळात सर्जन मुद्दाम टाळतात. तीव्र गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथताना पाठ ठणकते. पाणी भरपूर, पपई, संत्री, पातळ वरण, भाजी-भाकरी, आणि लागलं तर डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध. पचनाला जड म्हणून अंडी-डाळी बंद करण्याची आपली खोड इथे नडते. हाड भरायला प्रथिनं लागतात.

जखमेला हळद नाही, खोबरेल नाही. मे महिन्यात ऑपरेशन झालं असेल तर वऱ्हाडातल्या उन्हात घाम हाच मोठा शत्रू. कूलर लावा, सुती कपडे घाला, आणि आंघोळ कधी करायची ते सर्जनला विचारा. मालीशवाला किंवा हाडवैद्य कितीही नावाजलेला असो, त्याचा हात या पाठीला लागता कामा नये.

जखम चिघळली, ताप चढला, पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणखी एक खूण फारशी कुणी सांगत नाही. बारीक अंगाच्या मुलाला हिरवट उलट्या होत राहिल्या, तर सरळ झालेल्या कण्यामुळे आतड्याचा वरचा भाग दाबला गेलेला असू शकतो. तेव्हाही लगेच दवाखाना.

आता मनाचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोरगी विनाकारण रडते, रात्री जागी राहते. एका दिवसात उंची काही सेंटीमीटरनं वाढलेली असते, कुर्ता वर चढतो, आणि आरशात सरळ दिसत असूनही तिला स्वतःला तिरकं वाटतं. मेंदूला जुन्या बाकाची सवय झालेली असते. ती सुटायला वेळ लागतो. व्रणाभोवतीचा बधिरपणाही बरेच महिने टिकू शकतो. अशा वेळी भेटायला आलेल्या बाया तिच्यादेखत ‘लग्नाचं कसं होईल’ म्हणतात. त्यांना दारातच अडवा, वाईटपणा घ्यावा लागला तरी चालेल. हे ऑपरेशन लग्नाच्या, बाळंतपणाच्या सहसा आड येत नाही. आईनंही ‘दप्तर जड होतं म्हणून झालं’ हे मनातून काढावं. दप्तरानं किंवा वाकडं बसल्यानं हा आजार होत नाही.

शाळा साधारण तीन ते सहा आठवड्यांनी, आधी अर्धा दिवस. पुस्तकांचा एक संच शाळेत आणि एक घरी ठेवला की दप्तर रिकामं राहतं. तासांच्या मधे उभं राहण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून आधीच घ्या. गर्दीची एसटी सध्या टाळा. ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पोहणं, सायकल यांची परवानगी बहुधा तीन ते सहा महिन्यांनी मिळते. कबड्डीसारख्या धक्काबुक्कीच्या खेळासाठी वर्षभर थांबावं लागू शकतं, आणि ते एक्स-रे पाहून सर्जननं ठरवायचं.