शस्त्रक्रियागृहातले जागरण

थकव्याने हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी लक्ष उडू लागते. ऑपरेशन थिएटरमध्ये धोका इथेच आहे, कारण तिथली बरीचशी सुरक्षा लक्षावरच उभी असते. पोट शिवण्यापूर्वी सिस्टर मॉप, गॉज आणि सुया मोजतात. भूलतज्ज्ञ मॉनिटरवरचे आकडे तासन्‌तास पाहत एखादा बारीक बदल टिपतात. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते, आणि क्षणभराची डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागून जाते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी जागरणाची तुलना मद्याशी केली. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरली. २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. भारतात वाहनचालकासाठी रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. प्यालेला माणूस इतरांच्या लगेच ध्यानात येतो, जागलेला येत नाही. त्याला स्वतःलाही आपण किती मंदावलो आहोत याचा नीट अंदाज येत नाही. म्हणूनच ‘मला जमेल’ या शब्दावर रुग्णाचा जीव सोपवणे चूक ठरते.

पुरावा मात्र एकसुरी नाही. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, रात्री शस्त्रक्रिया केल्यावर झोपेला सहा तास किंवा त्याहून कमी वाव मिळालेल्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत गुंतागुंत ६.२ टक्के होती, पुरेसा वाव मिळालेल्यांच्या रुग्णांत ३.४ टक्के. २०१५ मध्ये कॅनडातील ओंटारिओतल्या मोठ्या पाहणीत रात्री काम केलेल्या डॉक्टरांच्या दिवसाच्या नियोजित शस्त्रक्रियांत असा फरक दिसला नाही. अनुभव आणि सावध सहकारी बरेच सांभाळून घेत असावेत. परिचारिकांबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे: २००४ च्या अमेरिकी अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांबलेल्या पाळीत चुकीची शक्यता सुमारे तिपटीने वाढलेली आढळली.

भारतात १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या योजनेने सलग काम साधारणपणे १२ तासांत बसवायला सांगितले होते. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेला कामाच्या तासांचा प्रश्न आजही मांडावा लागतो. तंत्रज्ञ आणि मदतनीस मामा-मावशी यांच्या जागरणाची तर चर्चाही क्वचितच होते.

पाळीत वीसेक मिनिटांची झोप, बदलीवर येणाऱ्याला रुग्णाची नीट माहिती देणे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची तपासणी यादी मोठ्याने वाचणे हे उपाय स्वस्त आहेत. ब्रिटनमध्ये रात्रीच्या शस्त्रक्रियांची छाननी झाल्यावर, सकाळपर्यंत थांबू शकणारा रुग्ण मध्यरात्री टेबलावर घेऊ नये, अशी शिफारस करण्यात आली.