फांदीवरच्या वेटोळ्यापलीकडचा हिरवा अजगर

न्यू गिनी बेट, त्याच्या आसपासची इंडोनेशियाची लहान बेटे आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचे केप यॉर्क द्वीपकल्प, एवढ्या भागात हिरवा वृक्ष-अजगर राहतो. आडव्या फांदीवर दोन्ही बाजूंना खोगिरासारखी वेटोळी टाकायची आणि मधोमध डोके टेकवायचे, ही त्याची बैठक. बहुतेकांनी तो असाच छायाचित्रात पाहिलेला असतो. पाळणाऱ्यांचे बरेचसे गैरसमज याच चित्रातून आले आहेत. चित्र खोटे नाही, पण ते दिवसाचे आहे, आणि या सापाचा खरा व्यवहार चालतो रात्री.

भारतातल्या वाचकांनी आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. आपल्याकडचा हरणटोळही झाडावरचा आणि हिरवागार, पण तो किंवा दुसरा कोणताही देशी साप घरात ठेवणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी हिरवा अजगर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. असा प्राणी बाळगणाऱ्याला २०२४च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘विदेशी साप आहे, त्याला कसला कायदा’ हे म्हणणे खोटे आहे. युरोप-अमेरिकेत मात्र तो रीतसर पाळला जातो. तिथल्या एखाद्या मराठी घरात हा विचार चालू असेल, तर पुढचे त्यांच्यासाठी.

झाडावरचा साप म्हणजे पेटी उंच हवी, ही सर्वांत घट्ट समजूत. ऐकायला ती पटतेही. पण उंच, अरुंद पेटीत ऊब वर साठते आणि गारवा खाली राहतो. हा साप सुरक्षित वाटावे म्हणून वर जातो. तिथे गरम होऊ लागले की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: उकाडा सोसायचा, नाहीतर आसरा सोडून खाली यायचे. बहुतेक वेळा तो उकाडा सोसतो. म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. सुमारे दीड मीटरच्या प्रौढ सापाला ९० सेंमी लांब, ६० सेंमी खोल आणि ६० सेंमी उंच पेटी चांगली होते. तिच्यात जवळपास एकाच उंचीवर दोन-तीन आडव्या दांड्या बसवायच्या. एका टोकाला ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश ठेवले, की उंची न सोडता सापाला हवे ते तापमान निवडता येते. पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावी. माणसे सतत डोक्यावरून वावरू लागली की हा साप बिथरतो.

दांडी सापाच्या अंगाएवढी जाड हवी. अगदी गुळगुळीत नको, आणि शक्यतो बाहेर काढता येईल अशी हवी. त्याचे कारण पुढे येईल.

ऊब खालून देणारी चटई इथे फारशी उपयोगाची नाही, कारण दिवसभर साप तळाशी नसतोच. ऊब वरून द्यावी. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला जाळी हवीच, नाहीतर साप त्यालाच वेटोळे घालून भाजून घेतो. थर्मोस्टॅट वगळून चालत नाही, आणि त्याचा संवेदक भिंतीवर नव्हे तर दांडीजवळ असावा. साप बसतो तिथले तापमान कळायला हवे.

आता ओलाव्याबद्दल, कारण सर्वांत जास्त साप इथेच आजारी पडतात. ‘वर्षावनातला साप, मग पेटी सदैव ओली हवी’ असे समजून लोक हवेची भोके बुजवतात. वर्षावनात पाऊस पडतो हे खरे, पण वाराही वाहतो आणि पाने वाळतातही. बंद, कायम ओल्या पेटीत पोटाच्या खवल्यांवर फोड येतात आणि फुप्फुसात संसर्ग होतो. तोंड उघडे टाकून, शिटीसारखा आवाज करत श्वास घेणारा साप थेट सापांच्या डॉक्टरकडेच न्यावा. संध्याकाळी पाण्याचे तुषार मारावेत, आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत चढू द्यावी आणि दुसऱ्या दुपारपर्यंत पेटी वाळून ५० टक्क्यांच्या आसपास यावी. कात टाकायच्या दिवसांत तुषार थोडे वाढवावेत. साप वेटोळ्यांवर साचलेले थेंब पितो हे खरे, पण म्हणून पाण्याचे भांडे काढून टाकू नये. रात्री तो भांड्यातूनही पितो.

तळाचेही तसेच. लोक तो मोकळा सोडतात, कारण दिवसा साप तिथे कधी दिसत नाही. रानात मात्र रात्री हे अजगर बऱ्याचदा जमिनीलगत उतरतात आणि उंदरांच्या वाटेवर दबा धरतात. लांब दात पाहून ते पक्षी खात असतील असा समज झाला होता. पोटात काय सापडते ते अभ्यासकांनी तपासले, तेव्हा प्रामुख्याने उंदीरवर्गीय प्राणी आणि सरडे मिळाले. म्हणून तळाशीही पालापाचोळा आणि लपायला आडोसा असावा.

पिल्ले पिवळी किंवा विटकरी असतात. केप यॉर्कमधल्या एका अभ्यासात पिल्ले सुमारे ५५ सेंमी लांब झाली की हिरवी होतात असे दिसले. त्या वयात ती रानाच्या कडेला लहान सरडे टिपतात, मोठी झाली की दाट पानोळ्यात जातात. पिल्लाला प्रौढाची पेटी दिली तर ते एका कोपऱ्यात उपाशी बसते. त्याला लहान डबा आणि बारीक, ठेंगण्या दांड्या द्याव्यात.

पिल्लाला दांडीवरून ओढून काढणे हा क्रूरपणाच आहे. शेपटीची पकड घट्ट असते आणि हिसका बसला तर मणका कायमचा दुखावतो. सुटी दांडी हवी ती यासाठीच. सापासकट ती उचलता येते.

‘हा साप जातीनेच चिडखोर’ असेही म्हणतात. मला ते अन्यायाचे वाटते. इंडोनेशियातल्या व्यापाराचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ‘शेतावर पैदा झालेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून बेकायदा पकडलेले असावेत, असा त्याचा अंदाज होता. पोत्यातून आलेला, तहानलेला, परजीवींनी पोखरलेला जीव फणकारणारच. विकणाऱ्याकडे अंड्यातून पिल्लू निघाल्याची नोंद मागा. ती नसेल तर परत फिरा.

आणि पेटी आधी, साप नंतर. पेटी किमान आठवडाभर रिकामी चालवा. दांडीजवळचे तापमान आणि आर्द्रता वहीत उतरवा, दुपारी दोनला आणि रात्री दोनलाही.