ट्रॅक्टरचा धूर आधी बघा, मग मेकॅनिकला फोन करा



वापसा आला की सगळ्यांचे ट्रॅक्टर एकदम शेतात उतरतात आणि मेकॅनिकचा फोन लागत नाही. मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरला काळा धूर ओकू लागला, ओढ कमी झाली. पंप-नोझल उतरवायचं ठरलंही होतं. त्याआधी एअर क्लिनरची वाटी उघडली, तर आत ऑइल नाही, नुसता चिखल! वाटी डिझेलने धुऊन पुसली, नवीन ऑइल खुणेपर्यंत भरलं, धूर गेला.

काळा धूर म्हणजे डिझेल जळायला हवा कमी पडतेय किंवा भार जास्त होतोय. एक गिअर खाली घ्या, रोटाव्हेटर थोडा वर उचला. तरी काळाच असेल तर एअर क्लिनर बघा. धुळीच्या कामात ऑइलची वाटी रोज तपासायची. खुणेच्या वर ऑइल भरू नका, इंजिन ते ओढून घेतं. कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही, आपटायचाही नाही. कागद फाटला की धूळ थेट पिस्टनपर्यंत जाते. हे सगळं ठीक असेल तरच नोझलकडे वळा.

सकाळी थंड इंजिन थोडा वेळ पांढरा धूर टाकतं, त्याचं काही नाही. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर, कुठे गळती नसताना रेडिएटरचं पाणी कमी, आणि पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, असं जुळून आलं तर बहुतेक हेड गॅस्केट गेलं. तिथंच इंजिन बंद करा. "एवढा एक एकर उरकतो" म्हणाल तर तो एकर फार महागात पडेल, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बहुतेक वेळा रिंगा झिजलेल्या असतात. रोज किती ऑइल टाकावं लागतं ते लिहून ठेवा.

धूरच नाही, चालू होऊन लगेच बंद पडतो? टाकी कोरडी झाली होती का, किंवा डिझेल फिल्टर नुकताच बदलला का? मग लाइनने एअर धरली असणार. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही जाईल. नव्या कॉमन रेल इंजिनच्या नळ्या मात्र स्वतः सोडू नका. त्यातल्या डिझेलचा दाब कातडी फोडून आत घुसतो.

*काटा लाल झाला तर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.* भाजून निघाल. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन पूर्ण निवू द्या, तोवर जाळी बघा. भुसा आणि पाचोळा तिथंच अडकतो. फॅन बेल्टही दाबून बघा, सैल झाला असेल.

एवढं बघूनही मेकॅनिक लागलाच तर धुराचा छोटा व्हिडिओ काढून पाठवा. ऑइल किती, पाणी किती, भारावर की रिकामा असताना, तेही सांगा. म्हणजे तो लागणारं सामान घेऊनच येईल.